भोवत्या, मोरघार आणि आक्काचा कोंबडा

आकाशात फिरणारा शिकारी पक्षी कुठला, हे मला आजवर एकदाही बरोबर ओळखता आलेलं नाही. एवढी कबुली सोपी आहे. पुढची कबुली मात्र तीन वर्षं घशात अडकली आहे.

माझी थोरली बहीण आक्का जेऊरजवळ माळावर राहते. मुलाला चिंचोळी एमआयडीसीत नोकरी लागली म्हणून तिनं देवीला कोंबड्याचा नवस बोलला होता. (तांबडा, डौलदार, पायात खुणेचा हिरवा दोरा.) जत्रेच्या आदल्या सकाळी ती शेरडं घेऊन निघाली.

"बाळू, घार दिसली की आरड आन् कोंबड्यावर डालगं टाक. एवढंच काम हाय."

"आक्का, मी पक्षीनिरीक्षक आहे!"

"म्हणूनच सांगतीय. निस्ता बघत बसशील!"

तासाभरात माळावर एक पक्षी घिरट्या घालू लागला. मी ओरडणारच होतो, शपथ! पण ओरडलो असतो तर तो उडाला असता आणि ओळखायचा राहिला असता. पुस्तक उघडलं. लांब शेपटी... भोवत्या! खाद्य: टोळ, उंदीर, लहान पक्षी. (कोंबड्याचा उल्लेख नाही!) मी निर्धास्त झालो, डालगं (कोंबड्या झाकायची टोपली) उलटं करून त्यावर बसलो आणि कॅमेरा रोखला. "जरा खाली ये की रे!"

तो आला. अगदी खाली. पहिल्या फोटोत पक्षी, दुसऱ्यात पक्षी आणि कोंबडा, तिसऱ्यात नुसती पिसं!

आक्का परतली. "कोंबडा कुटं हाय?"

पिसांशेजारी शेजारच्या भीमरावांचा कुत्रा मोत्या सावलीला झोपला होता. माझ्या तोंडून निघालं, "मोत्या..." वाक्य पुरं करायची गरजच पडली नाही. आक्काचा नवरा, आमचे दाजी, तडक बांधावर!

"भीमराव, तुझ्या कुत्र्यानं देवीचा कोंबडा खाल्ला!"

"आरं, त्याला एक दात न्हाय! मी भाकर भिजवून घालतो त्याला!"

"मग गिळला आसंल!"

देवीचं नाव आल्यावर भीमरावांनी मुकाट्यानं स्वतःचा कोंबडा दिला. मोत्याला साखळी लागली. दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं. आणि मी? मी त्या कोंबड्याचा रस्सा दोनदा वाढून घेतला.

नंतर फोटो बघून एका जाणकारानं कळवलं, "हा भोवत्या नाही, मोरघार आहे. कोंबड्या उचलते." तेव्हापासून सोलापुरात घरी बसलो तरी कानात साखळी वाजायची.

गेल्या आठवड्यात जेऊर गाठलं. अंगणात माझ्या येरझाऱ्या सुरू.

"इंगळ्या डसल्यात का तुला?" आक्कानं विचारलं.

मी तो दुसरा फोटो पुढं केला. "आक्का, हा पक्षी म्हणजे..."

तिनं पक्ष्याकडं बघितलंसुद्धा नाही. "आगं बया! ह्यो माझा कोंबडा! दोरा बघ की!"

(मला पुस्तक उघडूनही पक्षी कळला नव्हता, तिला कोंबडा तीन सेकंदांत कळला!)

आक्कानं आता पक्ष्याकडं बघितलं. मग माझा दंड धरून बांधावर घेऊन गेली. दाजी मागोमाग. मी मान खाली घालून सगळं सांगितलं. भीमरावांनी ऐकून घेतलं, दाजींकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"तीन वर्षं, व्हय रं?" एवढंच म्हणाले आणि मोत्याची साखळी सोडली.

मोत्या उठला. दाजींना वळसा घातला, आक्काला ओलांडलं आणि सरळ येऊन माझी पोटरी धरली. दात नसल्यामुळे ती फक्त ओली झाली.

पण ओळख मात्र त्याची, एकही पुस्तक न उघडता, पहिल्याच झटक्यात बरोबर!