बाराच्या आत चिकट भात

गेली वीसेक वर्षं मी नेर तालुक्यातल्या लग्नांत भात शिजवतो. माझा भात असा मोकळा, की एका दाण्याला धक्का लागला तरी शेजारच्या दाण्याला पत्ता नसतो. भावकीतल्या वाटण्यासुद्धा एवढ्या मोकळ्या होत नाहीत. वणीच्या एका लग्नात वारा सुटला, आणि माझ्या भाताचे दाणे उडत उडत शेजारच्या मांडवात गेले. तिथल्या वऱ्हाडानं अक्षता समजून आपल्या नवरानवरीवर टाकले. खोटं वाटत असेल तर वणीला जाऊन विचारा. कोणाला, ते मात्र मला विचारू नका.

अशा माणसाच्या हाती या हिवाळ्यात चिकट भाताच्या तांदळाची पिशवी आली.

बायकोच्या माहेरगावच्या विहारात थायलंडचे एक म्हातारे भंतेजी उतरले होते. सोबत नागपूरचे तरुण भंतेजी, दुभाषी म्हणून. आल्या आल्या म्हाताऱ्यांना ताप भरला. ताप उतरला, पण तोंडाची चव घेऊन गेला. पोळी गळ्याखाली जाईना, भाकर नाही, आपला मोकळा भातही नाही. दोन दिवस केळ्यांवर काढले. चालताना भिंतीला हात लावून चालत. त्यात भंतेजी बारानंतर अन्नाला शिवत नाहीत. दुपारची वेळ चुकली की थेट दुसरी सकाळ.

त्यांच्या मुलखात लोक चिकट भातावरच वाढतात, सकाळी भिक्षापात्रात तोच पडतो, असं नागपूरचे भंतेजी सांगत होते. जपानात तो कुटून त्याचे गोड लाडू करतात, चीनमध्ये पानात बांधून उकडतात. म्हाताऱ्यांच्या सामानात त्या तांदळाची दोन किलोची पिशवी होती. आता हेच एक त्यांच्या पोटात जाईल, नाहीतर काही नाही.

माझी मोठी मेव्हणी विहाराच्या महिला मंडळाची कारभारीण. तिनं पिशवी माझ्यापुढं धरली.

"जवाई, जमन का तुमाले?"

"काहून नाही जमणार, अक्का? नागपूरले एका लग्नात जपानची पार्टी आलती. तीनशे माणसाले चिकट भात खाऊ घातला म्या. ते लोकं ताटं चाटून तशीच घरी घेऊन गेले."

हे सांगत होतो तेव्हाच नागपूरचे भंतेजी शेजारी भात करायची रीत सांगत होते. पण मी जपान्यांच्या दुसऱ्या पंगतीत होतो. ऐकायला सवड नव्हती. बायको पिशवी उचलून आत घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला विहाराच्या स्वैपाकघरात शेगडी पेटवली. हात सवयीनं चालला. गंजात, म्हणजे आमच्या मोठ्या पातेल्यात, पाणी खळखळ उकळवलं, तेल सोडलं, लिंबू पिळलं आणि तांदूळ वैरला. आमची रीत अशी, की भात भरपूर पाण्यात शिजवायचा आणि बांबूच्या टोपल्यात फडकं घालून ओतायचा. पेज खाली जाते, मोकळा भात वर राहतो. चिकटपणा घालवणं हीच माझी सगळी विद्या, आणि ती मी त्या तांदळावर मनापासून चालवली.

दाण्यांनी दहा मिनिटांत आकार सोडला. ढवळायला झारा घातला, तो उभा राहिला. सोडला, तरी उभाच. ओढला, तर गंज सोबत आला. चीनमध्ये पूर्वी अशी खळ चुन्यात कालवून भिंती बांधत, असं नागपूरचे भंतेजी नंतर म्हणाले. मी लगेच विश्वास ठेवला.

दारात मेव्हणी.

"हे काय होय?"

"पहिला हात हाये, अक्का."

"जपानच्या लोकायले हेच खाऊ घातलं का?"

मी दोन्ही हातांनी झारा ओढत राहिलो. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

"माहा कारभारीणपणा गेला चुलीत," मेव्हणी हळूच म्हणाली. "तो म्हातारा माणूस आजही केळावरच राह्यला तर उद्याले उठन का?"

मग बायकोनं कोपऱ्यातला डबा उघडला. आत तांदूळ होता.

"अर्धा काढून ठेवला होता. तुमच्या जपानवर माहा भरोसा नोता."

रीतही तिनंच ऐकली होती. तांदूळ रात्रभर भिजवायचा आणि मग नुसत्या वाफेवर शिजवायचा. पाण्याला टेकू द्यायचा नाही. पण दहा वाजता रात्र आणायची कुठून?

"रात्री भिजवायचे विसरलेले वाटाणे आपण गरम पाण्यात भिजवतोच ना," मी म्हटलं. त्या दिवसातलं माझं पहिलं खरं वाक्य.

तासभर भिजवला. या तासात मी घड्याळाकडं इतक्यांदा पाहिलं, की काटे लाजून थांबले असावेत.

"आता वाफवायचा कशात?"

"टोपलं," बायको म्हणाली.

ज्या टोपल्यातून आयुष्यभर चिकटपणा खाली सांडला, त्याच टोपल्यात आता खालून वाफ चढवायची. अकरा दहाला टोपलं गंजावर ठेवलं. वाफ कडेनं निसटायला लागली. बायकोनं कणकेची वळी करून फट बुजवली.

पलीकडं वंदना सुरू झाली. पंचशीलही घ्यायचं होतं. मी स्वैपाकघराच्या दारातून सगळ्यांमागं म्हणत होतो. खोटं बोलणार नाही, हे चौथं शील आलं आणि माझ्या घशात वाफ गेली. पुढच्या रांगेतून मेव्हणीनं मान वळवून पाहिलं.

साडेअकराला झाकण काढलं. खालचा भात शिजलेला, वरचा कच्चा. दाताखाली खडा लागावा तसा.

"उलटवा," बायको म्हणाली.

"तुटला तं?"

"मंग तुटला. उलटवा."

उलटवला. भाकरीसारखा अख्खा एका तुकड्यात पलटला. आणखी दहा मिनिटं. अकरा बेचाळीसला म्हाताऱ्यांपुढं पान मांडलं. बाजूला हिरव्या मिरचीचा ठेचा.

त्यांनी चिमटीनं भात तोडला, बोटांत वळून गोळी केली, ठेच्याला टेकवली आणि तोंडात टाकली. चावली. गिळली. दुसरा तुकडा तोडता तोडता त्यांचा हात थांबला, आणि माझ्याकडं बघत त्यांनी काही विचारलं.

"विचारताहेत, हा भात तुम्ही कुठं शिकलात?" नागपूरचे भंतेजी म्हणाले.

अकरा सत्तेचाळीस. जपानची पार्टी नीट सांगायची तर पंधरा मिनिटं लागतात. थाई भाषेत तीस. आणि ऐकून होईपर्यंत तो हात तसाच थांबणार होता. खोटं बोलायला वेळ लागतो, आणि वेळच तर नव्हता.

"इथंच, भंतेजी. आज सकाळी. पहिला बिघडला, हा दुसरा."

भाषांतर दोन शब्दांत झालं. म्हाताऱ्यांनी घड्याळाकडं पाहिलं, मान हलवली आणि दुसरी गोळी वळली. मग तिसरी.

मी लोकांना सांगतो की बारा वाजायच्या आत त्यांनी अख्खा किलो संपवला. बायको म्हणते, पाच गोळ्या. बरं, पाच तर पाच. पण पाचवीनंतर ते भिंतीला हात न लावता उठले.