तिसरं मागणं

साखरेच्या दुखण्यानं सार्सेनबायचा डावा पाय घोट्याच्या वरपर्यंत काळा पडला होता. आज कापला नाही तर माणूस हाती लागत नाही, असं डॉक्टरनं बजावलं होतं. आणि हा गडी भिंतीकडे तोंड करून पडलेला.

भाची उल्मेकेन शहरातून ट्रक हाणत आली, तर मामीनं दारातच हात टेकले. "शेजारी झाले, मुल्ला झाले, पोरांनी मिनतवाऱ्या केल्या. ऐकेल तर शपथ!"

"क्लचचा पाय आहे तो," मामा भिंतीशीच बोलला. "लंगडा ड्रायव्हर काय कामाचा? दोन्ही पायांनिशी पुरा मला."

सगळी भाचरं याच माणसाशेजारी बसून गाडी शिकली होती. उल्मेकेनचे पाय पोचत नव्हते, तेव्हा यानं पेडलला लाकडी ठोकळे बांधले. पोरीच्या जातीनं ट्रक चालवायचा म्हणून बापानं आकाशपाताळ एक केलं, तेव्हा हा बापाशी भांडला. तिची भाकरी याची, ताठ मानही याचीच. आता तोच असा कुजत पडलेला बघून तिचा जीव तीळ तीळ तुटत होता. ती रडली, ओरडली, काही उपयोग झाला नाही.

मग तिच्या हाती एकच गोष्ट उरली. भाचरांनी मामाकडे तीनदा मागायचं आणि मामानं नाही म्हणायचं नाही, ही कझाकांची रीत. पहिल्यांदा तिनं करडं शिंगरू मागितलं होतं, दुसऱ्यांदा ट्रकची किल्ली. तिसरं राखून ठेवलेलं. "मी मेल्यावर मागणार का गं?" म्हणून मामा दर नवरोजच्या सणाला चिडवायचा.

"मामा, माझं तिसरं राहिलंय."

मामा कुशीवर वळला. कित्येक दिवसांनी त्याचा चेहरा उजळला. "माग की! तांबडी घोडी ने, गाभण आहे."

"घोडी नको. तुमचा डावा पाय द्या."

मामीनं डोईच्या रुमालाचं टोक तोंडावर दाबलं. मामा गोधडीखालच्या पायाकडे बघत राहिला.

"लबाड कुठली! कुणी शिकवलं हे?"

"तुम्हीच. रुतलेली गाडी वाट्टेल ते करून काढायची, म्हणून."

त्याचे डोळे भरले. उल्मेकेनला स्वतःची किळस आली.

"ने," तो म्हणाला. "तुझा झाला."

ट्रक दवाखान्याच्या वाटेला लागला, तेव्हा बर्फ पडत होता. कापूनही वाचेल याची खात्री डॉक्टरनं दिली नव्हती. मामा शेजारी बसला होता. तिनं गिअर बदलला, तसा शेजारी पत्र्यावर धप्प आवाज झाला. पुन्हा बदलला, पुन्हा तेच. मामा तो काळा पाय तिच्या पायाबरोबर दाबत होता. तिला शिकवताना दाबायचा, तसाच.

 पुढच्या चढावर तिनं गिअर बदललाच नाही. इंजिन घरघरायला लागलं.

"बदल की गं," मामा म्हणाला. "आहे तोवर दाबू दे."