दाराआडून वाचलेली बातमी

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, लेकींना नाही. नवरा गेला. आता सांगितलं काय आणि न सांगितलं काय — तरी सांगते.

मी चौथी शिकलेली. सासरी वाचता येणारी मी एकटीच. सासऱ्यांच्या — आम्ही त्यांना मामाजी म्हणायचो — डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, तसं दर आठवड्याला पेपर वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. त्या काळी सून सासऱ्यासमोर येत नसे, बोलणं तर दूरच. मी दाराआड बसायची, डोक्यावर पदर घेऊन, आणि वाचायची. ते ओसरीवर ऐकायचे. मधेच म्हणायचे, "पुन्ना वाच, पोरी." मी पुन्हा वाचायची. आमचं दोघांचं बोलणं म्हणाल तर एवढंच.

निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. राज्यांची नवी वाटणी चालली होती. मामाजींना एकच ध्यास — आपलं गाव मराठी मुलखात जावं. कचेरीचा कागद जन्मभर उर्दूत आला, दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागला. एकदा तरी आपल्या बोलीतला कागद यावा! अर्जावर अंगठे घ्यायला ते दारोदार फिरले होते — तेव्हा थोडं दिसत होतं.

दिवाळीच्या तोंडावर दिराने जैनथच्या बाजारातून पेपर आणला. त्यात होतं — शेजारचा तालुका मराठी मुलखात गेला, आपला इकडे तेलुगू मुलखातच राहिला.

मी काय वाचलं? "दोन्ही तालुके गेले."

का? त्यांना वाईट वाटू नये म्हणून — असं सांगता आलं असतं. तसं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मला माहेरी जायचं होतं. मामाजींचं मन बिघडलं की घरात पान हलत नसे. माझी गाडी जुंपली नसती. एवढंच.

"पुन्ना वाच," म्हणाले. मी पुन्हा तेच वाचलं. आवाज जरासुद्धा अडखळला नाही.

मी माहेरी असताना ते दिराचा हात धरून जैनथला गेले. कचेरीत गूळ वाटायला लागले. कारकून हसला, "बाबा, कोनं सांगतलं तुमाले? तुमचं गाव तं इथंच राह्यलं!" सगळी कचेरी हसली. दीर माझं नाव घेणार, तोच मामाजींनी त्याचा हात दाबला. "मीच बराबर आयकलं नाई," म्हणाले.

मी माहेरहून परत आल्यावर हे मला दिरानेच सांगितलं. वर म्हणाला, "वयनी, म्हातारा बहिरा झाला आता."

बहिरा? आपल्या बैलाची घंटा ते वेशीबाहेरून ओळखायचे.

बाजाराच्या दिवशी पेपर आला. मी दाराआड बसले. वाट पाहिली.

"राहू दे, पोरी. आता मले आयकू येत नाई."

त्यानंतर ते चार वर्षं जगले. माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत. पेपर मात्र बंद केला नाही. घडी न मोडता मांडीवर घ्यायचे, हात फिरवायचे, कोपऱ्यात ठेवायचे. मी दाराआडच असायची. "मामाजी, मी खोटं वाचलं" — एवढे चार शब्द. चार वर्षांत माझ्या तोंडून निघाले नाहीत.

ते गेले त्या सकाळी सरपण ओलं होतं. त्यांच्या शेवटच्या आंघोळीचं पाणी तापवायला मी तेच पेपर चुलीत घातले.