पुलाची खबर कुणी दिली

म्युनिकमधलं माझं पोस्टिंग चौदा महिन्यांचं होतं. साठच्या दशकाची ती सुरुवात. नवीन वायरलेस सेटची दुरुस्ती शिकायला मला शहराबाहेरच्या एका कारखान्यात पाठवलं होतं. ०६४० ची ट्राम, ०७३० ला हजेरी, १२०० ला उकडलेले बटाटे. युनिफॉर्म घालायचा नव्हता, तेवढं मात्र जड गेलं.

शहरात वीस-बावीस मराठी विद्यार्थी होते. महिन्यातून एका रविवारी दुपारी ते वसतिगृहाच्या हॉलमध्ये जमायचे, ओट्सना पोह्यांसारखी फोडणी द्यायचे आणि पुण्यातल्या कॉलेजात घेतात तशी रीतसर वादविवाद सभा घ्यायचे. घंटेच्या जागी काचेचा ग्लास आणि चमचा. शेवटी हात वर करून मतदान. त्या रविवारचा विषय होता, 'सीमेपलीकडून पोसलेल्या दहशतीला उत्तर: तोफा की तह?' तोफांच्या बाजूने बोलायला मला बोलावलं. कॅप्टन म्हटल्यावर मीही फुशारलो.

विरुद्ध बाजूने कुमुद साठे बोलली. रसायनशास्त्रात डॉक्टरेट करणारी, बोलायला चोख मुलगी.

"शेजारी देशाशी बोलणी केल्याशिवाय त्यांचे तळ बंद होणार नाहीत," ती म्हणाली. "इकडे आपण गावं उठवली, तर ती माणसं उद्या त्यांनाच जाऊन मिळतील."

मग मी उभा राहिलो आणि ईशान्येकडच्या डोंगरातली हकिगत सांगितली. आमची मराठी पलटण तिथे होती. बंडखोर बाजारात बॉम्ब टाकायचे आणि सरहद्द ओलांडून पसार व्हायचे. एका सकाळी ०७१० ला आमच्या तीन गाड्या लाकडी पुलावर आल्या. दोन्ही बाजूंनी फायर आला. चार जवान गेले. पुलाजवळच्या गावाने खबर दिली होती. आम्ही ते गाव उठवलं. नंतर त्या रस्त्यावर एक गोळी सुटली नाही.

टाळ्या जोरात पडल्या. कुमुदने हात वर केला.

"गावानंच खबर दिली, हे कशावरून, कॅप्टन साहेब?"

"चौकशी झाली होती."

"साक्ष कुणाची?"

"माझी."

"आल्झो, चला तर, मतदान घेऊ या," अध्यक्ष जर्मन ढंगात म्हणाला. हात वर होऊ लागले. मी ते मोजत नव्हतो. मला माझी साक्ष आठवत होती.

प्रत्येक मेसेज कोडमध्ये पाठवायचा, असा हुकूम होता. कोड लावायला अर्धा तास जायचा. आम्ही सगळे सातारा-कोल्हापूरकडचे. त्या डोंगरात मराठी कोणाला कळतंय, म्हणून मी सेटवर सरळ मराठीत बोलायचो. आदल्या संध्याकाळीही तसंच बोललो.

"उद्या सातला निघतो. तीन गाड्या. पुलावरून. ओव्हर."

"रॉजर. येताना लोणचं आणा. आउट."

चौकशीत मेजर साहेबांनी विचारलं, "मेसेज कोडमध्ये होता?"

"येस सर."

म्हणजे खबर गावातूनच फुटली, असं ठरलं. गावबुढा, म्हणजे गावाचा म्होरक्या, दुभाष्यामार्फत मला म्हणाला, "तुमची वेळ आम्हाला माहीत नव्हती." मी त्याच्या पायांकडे बघत राहिलो. गाव दोन दिवस चालत दुसऱ्या खोऱ्यात नेलं. तो म्हातारा वाटेतच वारला.

आठ महिन्यांनी एक बंडखोर पकडला गेला. त्याने मला रामराम घातला, चक्क मराठीत. महायुद्धात तो एका मराठी पलटणीत स्वयंपाकी होता. आमचाच पळवलेला एक सेट त्याच्याकडे सापडला.

"साहेब, तुम्ही तर रोज सगळं सांगत होता," तो म्हणाला.

तरीही मी गप्प बसलो. भित्रा होतो, दुसरं काही नाही.

"थांबा," मी हॉलमध्ये मोठ्याने म्हणालो. हात खाली आले. मी सगळं सांगितलं. माझी पाच मिनिटं कधीच संपली होती, पण ग्लासवर चमचा कुणी वाजवला नाही.

शेवटी कुमुदच बोलली. "हे आम्हाला सांगून काय उपयोग? ज्यांच्या हुकमावरून गाव उठवलं, त्यांना लिहा."

"कोर्ट मार्शल होईल."

"होईल," ती म्हणाली.

सोमवारी मी लिहिलं. कोर्ट मार्शल झालं आणि माझी नोकरी गेली. गावाला परतायची परवानगी मिळाली, पण तोवर निम्मी तरणी पोरं सरहद्दीपलीकडे निघून गेली होती. त्यांना तिकडे मीच धाडलं.

नाईक सखाराम जाधव. लान्स नाईक दत्तू पाटील. शिपाई बाळू माने. ड्रायव्हर गणपत शिंदे. पुलावर गेलेली ही माझी माणसं, माझ्या तोंडामुळे गेलेली. सोमवारच्या त्या कागदावर मी ही चार नावं लिहिली. पाचव्या ओळीत नुसतं 'गावबुढा' असं लिहिलं. चौकशीच्या दिवशी तो म्हातारा माझ्यासमोर बराच वेळ उभा होता, आणि मी त्याला नाव विचारलं नव्हतं.