बोरसे सरांच्या डावीकडे

बोरसे सर शिक्षकांच्या खोलीत कधी बसले नाहीत. त्यांना खुर्ची होती, पण तिच्यावर त्यांचा डबा आणि चित्रकलेचे कागद असायचे. सर खिडकीशी उभे. चहाही उभ्यानेच, अर्धा प्यायचा आणि कप कुठेतरी विसरायचा. बाकीचे बोलत असताना त्यांचा कान वरच्या पंख्याकडे असे. "पंखा बोलतोय," असं ते एकदा मला म्हणाले. मी तेव्हा जळगावच्या त्या शाळेत नवीनच लागले होते, मीही मान वर करून पंख्याकडे बघत राहिले. दुपारी शिपायाकडून शिडी मागवून त्यांनी पंखा खाली उतरवला. तो पुन्हा वर चढेपर्यंत आम्ही वह्यांनी वारा घेतला. पाण्याची मोटर, शाळेची घंटा, मुख्याध्यापकांची स्कूटर, सगळ्यांना त्यांचा हात लागलेला होता. "चालतंय म्हणजे बरं चालतंय असं नाही," हे त्यांचं नेहमीचं म्हणणं.

सर गेल्या उन्हाळ्यात पुण्याला मुलाकडे वारले. झोपेत गेले म्हणे. मला ते अजून पटत नाही, कारण झोपलेले सर माझ्या डोळ्यांसमोर येतच नाहीत.

सर मूळचे धुळ्याकडचे. शाळेत अगदी स्वच्छ मराठी बोलायचे. घरात आणि गाडीत मात्र मध्येच अहिराणीवर यायचे. त्यांच्याकडे एक जुनी पांढरी छोटी गाडी होती. तिच्यात मागची सीट नव्हती, लोखंडी नळ्यांचा सांगाडा होता, आणि ती घेऊन ते शर्यतीला जात. धुळ्यात अशा हौशी लोकांचा एक क्लब होता. त्यात कुणी दातांचे डॉक्टर, कुणी ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे दुकानदार. पावसाळा सरून शेतरस्ते वाळले की त्यांचा मोसम सुरू व्हायचा. गाड्या एकामागून एक सोडतात, निघताना हातात रोडबुक देतात. त्यात किती अंतरावर कुठलं वळण, कुठे नाला, कुठे फाटा, ते लिहिलेलं असतं. ते वाचून सांगायला चालकाच्या डावीकडे एक माणूस बसतो. सरांच्या डावीकडे आधी त्यांचा मेहुणा बसायचा. तो एक दिवस हात जोडून मोकळा झाला.

मग सरांनी मला विचारलं. मी भूगोल शिकवते, नकाशा वाचते, एवढीच माझी पात्रता. पण मी असोद्याची, केळीच्या बागांमधल्या रस्त्यांवर मोटरसायकल शिकलेली. घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, जाऊन तर ये एकदा. मी गेले आणि जातच राहिले.

पहिल्या मोसमात सरांनी माझं काही ऐकलं नाही. म्हणजे ऐकायचे, पण प्रत्येक फाट्यावर गाडी थांबवायचे, माझ्या हातातलं रोडबुक ओढून घ्यायचे, बघायचे, "बरोबर आहे" म्हणायचे आणि मग निघायचे. तोवर मागची गाडी धूळ उडवत पुढे गेलेली असे. मी चिडले की म्हणत, "विश्वास आहे ताई. पन एकदाव पाही लेऊ द्या." गाडीशीही त्यांचं हेच. त्या मोसमाच्या पहिल्याच शर्यतीला जाताना, चांगली पळत असलेली गाडी त्यांनी पारोळ्याजवळ थांबवून कार्बोरेटर खोलला. एक बारीक स्क्रू गवतात पडला. आम्ही गुडघ्यांवर बसून तो शोधत राहिलो आणि तिकडे धुळ्यात शर्यत सुरू होऊन संपली.

म्हणून पुढच्या मोसमाला पुष्पावहिनींनी कंबर कसली. वहिनी सरांच्या पत्नी, बोलायला अगदी कमी. शनिवारी सकाळी आम्ही निघायच्या वेळी त्यांनी डिकीतली हत्यारांची पेटी उचलली, आत नेऊन कपाटात ठेवली आणि किल्ली कमरेला खोचली. सर दारात उभे राहून बघत राहिले. वहिनी एवढंच म्हणाल्या, "जा आते. तुटनं तं तुटनं." म्हणजे आता जा, तुटलं तर तुटलं.

धुळ्यापर्यंतचा तो रस्ता मला नेहमीपेक्षा लांब वाटला. सरांची बोटं स्टिअरिंगवर सारखी वाजत होती. एरंडोल मागे पडलं तसे ते म्हणाले, क्लचचं पेडल जड लागतंय. मी म्हटलं, काल नव्हतं का? काल होतं की नव्हतं ते त्यांना आठवेना, त्यामुळे ते आणखी अस्वस्थ झाले. धुळ्याला गाड्यांची तपासणी होती. तपासणाऱ्याने पेडल दाबून बघितलं आणि ठीक आहे म्हणाला. सर एकेका गाडीपाशी जाऊन पाना मागू लागले. कुणी देईना, सगळे हसत होते. वहिनींनी क्लबच्या सेक्रेटरींना आधीच फोन करून ठेवला होता. संध्याकाळी सरांच्या भावाच्या घरी जेवतानाही ते ताटावरून उठले, अंगणात जाऊन गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून आले आणि पुन्हा जेवायला बसले. भावजय म्हणाली, गाडीला ताप आहे का?

रविवारी सकाळी गाडी सुरूच होईना. बॅटरी बसली होती. क्लबच्या चौघांनी ढकलली तेव्हा धूर सोडत ती चालू झाली. सरांनी मला सांगितलं, आता मध्ये कुठे बंद पडली तर पुन्हा लागणार नाही. मी मान हलवली आणि पट्टा आवळला.

सुरुवात छान झाली. दोन्हीकडे कापूस फुटलेला, मध्ये लाल मातीची वाट. मी वळणं सांगत होते, सर वळवत होते, आणि सवयीप्रमाणे फाट्यावर पाय ब्रेकवर जात होता. अर्धी वाट झाली असेल. एका नाल्यातून वर चढताना त्यांनी गिअर बदलायला क्लच दाबला आणि पाय थेट खाली गेला. पेडल वर आलंच नाही.

"तुटनी," ते म्हणाले.

क्लचची वायर तुटली होती. म्हणजे गाडी चालत होती, पण थांबवली की इंजिन बंद पडणार, आणि बॅटरी मेलेली. आजूबाजूला ढकलायला माणूस नाही. मी त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हे गाडी बाजूला घेणार. त्यांनी घेतली नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला, मान किंचित वाकडी केली, इंजिनचा आवाज उतरत गेला आणि एका क्षणी त्यांनी नुसत्या हाताने गिअर सरकवला. करकर न होता तो बसला. आयुष्यभर पंखे आणि मोटरी ऐकलेला कान. मग ते म्हणाले, "सांगा ताई. आता मला बघता यायचं नाही."

मी सांगत सुटले. पुढे शेळ्यांचा कळप आडवा आला. सर पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलाने त्यातून गेले, गाडी धडधडत होती, गुराखी काठी आपटत होता. बंद पडली नाही. त्यानंतर आली ती विहीर. रोडबुकात लिहिलं होतं, विहिरीपासून सरळ. सरळ रस्ताच नव्हता. कुणीतरी तो नांगरून टाकला होता आणि पुढे बाभळीच्या काट्यांचं कुंपण. एक वाट उजवीकडे जात होती, एक डावीकडे, दोन्हींवर चाकांच्या खुणा. शेवट डोंगराच्या बाजूला आहे एवढंच मला ठाऊक होतं, आणि डोंगर नेमका समोर होता.

"डावी," मी म्हटलं.

सरांनी विचारलं नाही. ब्रेकही लावला नाही. गाडी डावीकडे वळली.

पुढे मातीत चाकांच्या खुणा दिसेनात. शेतं संपली, नुसतं पडीक लागलं. चुकले असेन तर परतायलाही थांबावं लागणार होतं. सर समोर बघत होते. टेकाड ओलांडलं आणि खाली शेवटाचा झेंडा दिसला.

झेंड्यापलीकडे गाडीने एक हिसका दिला आणि ती गप्प झाली. आम्ही शेवटून तिसरे आलो. पण निम्म्या गाड्या शेवटापर्यंत पोचल्याच नव्हत्या, आणि सरांचं नाव पोचलेल्यांत लागायची ती पहिली वेळ. सेक्रेटरी हसत पाना आणि नवी वायर घेऊन आले. सरांनी दोन्ही हातात घेतलं, मांडीवर ठेवलं आणि तसेच बसून राहिले. "आज गाडी चालवली, ताई," ते म्हणाले. "इतकी वर्षं नुसती दुरुस्त करत होतो."

त्यामुळे सर बदलले असं मात्र नाही. सोमवारी शाळेत पुन्हा खिडकीशी उभे, आणि पुढच्या रविवारी गाडीचं इंजिन अंगणात सुटं केलेलं. मला फक्त एक फरक जाणवला. त्यानंतर त्यांनी माझ्या हातातलं रोडबुक कधी ओढून घेतलं नाही.

निवृत्तीनंतर मुलाने त्यांना पुण्याला नेलं. वहिनींचे गुडघे दुखत होते, तिथे डॉक्टर जवळ होता. जायच्या सकाळी मी निरोप द्यायला गेले, तर सर मुलाच्या नव्या गाडीत मागे बसले होते. पोराने दार लावलं तशी त्यांनी काच खाली केली, वर केली, परत खाली केली. नीट बोलणं झालंच नाही.

तासाभराने त्यांचा फोन आला. पहूरला चहाला थांबलो आहोत म्हणाले. गाडी कशी आहे विचारलं तर म्हणाले, हिचा काही आवाजच येत नाही, करमत नाही. रस्ता फोनमधली बाई सांगते.

"चांगली सांगते," ते म्हणाले. "पण माहीत असो की नसो, तिचा आवाज एकसारखा. तुमचा तसा नव्हता. त्या विहिरीपाशी तुम्ही डावी म्हणालात ना, तेव्हाच मला कळलं, ताईला ठाऊक नाही."

मी विचारलं, "तरी वळवलीत?"

"मग काय करणार? थांबता येत नव्हतं," सर म्हणाले. "आणि तुम्ही माझ्यासारखं एकदा पाहू म्हणाला नाहीत."

मागे मुलगा हाक मारत होता. सरांनी फोन ठेवला.