निळ्या फळाचं सरबत

माझ्या मेहुण्याची साखर वाढली ती माझ्या हातानं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच.

मेहुणा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. इथं कतारमध्येच, रास लफानच्या गॅस प्रकल्पात टाक्यांच्या देखभालीचं काम करतो, राहतो अल खोरला कंपनीच्या क्वार्टरमध्ये; बायको-मुलं साताऱ्याला. शुक्रवारी जेवायला आमच्याकडे मदिनत खलीफाला येतो. त्याला मधुमेह लवकर लागला, पण गोळ्यांवर ताब्यात होता. माणूस शिस्तीचा. सणाला ताटात वाढलेली पुरणपोळी गुपचूप भाच्याच्या ताटात सरकवायचा.

मी लुसैलच्या एका ऑफिसात आहे. आमची कंपनी बाहेरून खाण्याचे जिन्नस आणते, आणि दुकानात त्यांच्यापुढे लावायच्या माहितीच्या पाट्या मी लिहितो. एकदा हनीसकलच्या फळांचा माल आला. हनीसकल म्हटलं की आपल्याला सुवासिक फुलांचा वेल आठवतो. त्याच कुळातलं एक झुडूप थंड मुलखात वाढतं, त्याला लांबट निळी फळं येतात आणि ती खातात. त्या कुळातली लाल फळं बहुतेक खाण्याची नसतात, पोट उलटतं. मी मन लावून वाचलं. क जीवनसत्त्व भरपूर, चोथा बऱ्यापैकी, आणि फळाला निळा रंग देणारी जी द्रव्यं शरीराला चांगली म्हणतात, ती खच्चून भरलेली. साखरेवर उपयोग होतो का, याचा शोध चालू आहे, पण औषध म्हणावं असं अजून काही नाही. हेही वाचलं होतं.

पण नमुन्याचं गोठवलेलं फळ तोंडात टाकलं आणि थेट जांभूळ आठवलं. तसाच आंबट तुरटपणा, जीभ तशीच रंगलेली. आणि जांभूळ म्हटलं की आपल्याकडे पुढचं ठरलेलंच असतं, डायबेटिसला चांगलं. माझे सासरे वर्षानुवर्षं जांभळाच्या बियांची पूड घ्यायचे. तेवढ्यावर मी निकाल लावून टाकला.

त्याच मालात त्या फळांच्या सरबताच्या बाटल्या होत्या. एक घरी नेली आणि शुक्रवारी मेहुण्याच्या हातात दिली. एवढा आंबट पदार्थ, त्यात साखर कुठून असणार, असं मी धरून चाललो. बाटलीची मागची बाजू वाचली नाही. पाट्या लिहिणारा माणूस मी, आणि वाचली नाही.

त्याला ती चव मुळीच आवडली नव्हती, हे तोंडावरून दिसत होतं. पण बहिणीच्या नवऱ्यानं दिलेलं नाकारायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. पुढच्या खेपेला म्हणाला, “दाजी, जीभ बघा. साइटवरची पोरं विचारतात, शाई पितोस काय.” बायको हसली. मीही हसलो. ड्युटीवरच्या मोठ्या पाण्याच्या बाटलीत तो ते ओतून न्यायचा आणि उन्हात दिवसभर प्यायचा. संपलं की मी नवी द्यायचो. बायको मैत्रिणींना कौतुकानं सांगायची, यांनी माझ्या भावासाठी शोधून काढलं.

मग कंपनीची मेडिकल आली. त्याची साखर भलतीच चढलेली निघाली. इन्सुलिन सुरू झालं आणि त्याचं टाकीवर चढणं बंद झालं. ज्या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, ते सोडून त्याला स्टोअरमध्ये बसवलं. डॉक्टरांनी काय काय घेतोस विचारलं, तेव्हा सरबत त्याला आठवलंसुद्धा नाही. दाजींनी दिलेलं, त्यात काय सांगायचं.

त्याच आठवड्यात त्या सरबताच्या नव्या मालाची लेबलं तपासायचं काम माझ्याकडे आलं. घटकांमध्ये पहिलं, म्हणजे सगळ्यात जास्त असलेल्याचं, नाव साखरेचं होतं. फळ त्याच्या खाली.

शुक्रवारी तो आला. बायकोनं पान वाढता वाढता त्याला धारेवर धरलं.

“चोरून गोड खातोस ना?”

“नाही गं ताई.”

“मग हवेनं वाढली? खोटं बोलायला कधी शिकलास रे तू?”

“आईची शपथ. हात लावला नाही मी गोडाला.”

शपथ ऐकून ती आणखी चिडली. मेलेल्या आईला मध्ये आणतोस, म्हणाली. त्यानं माझ्याकडे पाहिलं. तुम्ही तरी सांगा, अशा नजरेनं. मी आमटी वाढून घेतली.

निघताना त्यानं रिकामी बाटली पुढे केली. मी म्हणालो, “खलास. माल येणं बंद झालंय.” कपाटात दोन पडलेल्या होत्या. त्या दुसऱ्या दिवशी सिंकमध्ये ओतल्या. डाग घासूनही पूर्ण गेला नाही. बायकोनं विचारलं तर प्रिंटरची शाई सांगितली.

सरबत थांबलं, तशी त्याची साखर हळूहळू उतरली. मला वाटलं होतं, सुटलो. झालं उलटंच. बायको विजयानं म्हणाली, “बघितलंस? मी झापलं आणि कमी झाली. म्हणजे खात होतासच.” तिनं साताऱ्याला भावजयीलाही कळवलं. तेव्हापासून रोज जेवताना त्याला व्हिडिओ कॉलवर ताट दाखवावं लागतं. चाळिशी ओलांडलेला बाप्या, मुलांसमोर मोबाईल तिरका करून ताट दाखवतो. डॉक्टरही समजून चाललेत की हा पथ्य मोडणारा पेशंट, आणि तो हिशेब धरूनच औषध देतात.

तो अजून येतो. माझ्याशी पूर्वीसारखाच आदरानं बोलतो, पण जेवताना मान वर करत नाही. हल्ली तर एकदा स्वतःच म्हणाला, “खाल्लं असेल दाजी, माझ्याच लक्षात नसेल.”

माझं देणं एवढंच आहे. बायकोसमोर, त्याच ताटांवर बसून, मला सांगायचंय की तो खरं बोलत होता, साखर मी पाजली, आणि हे मला तेव्हाच कळलं होतं. मग त्याच्या बायकोला फोन करायचाय आणि त्याच्याबरोबर डॉक्टरांकडे जायचंय. यातलं मी अजून काहीही केलेलं नाही.