डाव्या हाताचा पीळ

प्रवासाविषयी लिहिण्याचा आव आणतो आहे, त्याबद्दल आधी क्षमा मागतो. काशीला किंवा हिमालयात जाऊन आलेल्यांनी लिहावं, हे मला समजतं. मी गेलो तो भंडारा जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, सालेकसा स्टेशनापासून तीन कोसांवरच्या एका खेड्यात, आणि तिथल्या दहा दिवसांपैकी पहिले तीन घाण पाण्यात उभा राहून काढले. आमच्या घरात माझ्याआधी चौथीच्या पुढे कोणी गेलेलं नाही. त्यामुळे हे लिहिणं छापण्याजोगं आहे की नाही, हेही घरात कोणाला विचारण्याची सोय नाही.

जाण्याचं कारण असं. नागपुरात मी गरीब विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहात राहून कॉलेजात शिकतो. हल्ली सगळीकडे हस्तोद्योगाचं वारं आहे, ते आमच्या कमिटीलाही लागलं. तिने ठरवलं की पुढच्या सत्रापासून फुकट राहण्याची एकच जागा उरेल, आणि ती लहान मुलांना एखादा हस्तोद्योग शिकवणाऱ्याला मिळेल. आम्ही दोघे उमेदवार होतो. दुसऱ्याने खाटेला लागणारी निवारीची पट्टी विणायचं पत्करलं. सुपरिटेंडेंटसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा मला काहीच सुचलं नाही, म्हणून मी म्हणालो, दोर वळीन. ते म्हणाले, "उत्तम. वसतिगृहाच्या विहिरीला पुरेल असा दोर स्वतःच्या हाताने वळून आणा. नाताळची सुट्टी आहेच." जागा गेली तर कॉलेज सुटणार होतं आणि वडिलांशेजारी जिनात रुईचे गठ्ठे बांधायला उभं राहायचं होतं. वडिलांनी तसं मुकादमाला सांगूनही ठेवलं होतं.

आमच्या वसतिगृहाचा स्वयंपाकी गजानन त्याच भागातला. त्याचा मामा दसाराम दोर चांगले वळतो असं कळलं, म्हणून मी तिकडे निघालो.

गोंदियाला गाडी बदलायची होती आणि पुढची गाडी तीन तास उशिरा. स्टेशनावर सगळा कारभार हिंदीत. मी मराठीत चहा मागितला तर चहावाल्याने हिंदीत विचारलं, "कितना?" एकाच माणसाला किती चहा लागणार, हे मला समजेना. बाकावर शेजारी कामठ्याचे एक शेतकरी बसले होते. पायाशी गुळाची ढेप.

"कोटी जाऊन राहिला, बाबू?"

मी सांगितलं, नागपुरात कॉलेजात असतो, सालेकशाकडे चाललो, दोर वळायला शिकायला.

"नागपुरात दोर नाही भेटत का?"

"मिळतो. पण मला वळायला शिकायचं आहे."

"कॉलेजात असतो म्हनतो ना?"

"हो."

त्यांनी बराच वेळ माझ्या चपलांकडे पाहिलं. मग म्हणाले, "बापाले माहीत हाये का?"

सालेकशाला उतरलो तेव्हा जंगलावर धुकं होतं. वाट विचारत चाललो. दोन्ही बाजूंना साग, मोह आणि तेंदू, मधेच धानाच्या कापलेल्या बांध्या (खाचरं), त्यांत खुंट उभे. हा प्रदेश सुंदर आहे, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो, कारण त्यानंतर मला वर मान करून पाहायला सवड मिळाली नाही.

दसारामजी पन्नाशीचे, उंच, अतिशय कमी बोलणारे. त्यांच्या पत्नी भागरताबाई त्यांच्या वाटणीचंही बोलत. मी गजाननचा निरोप दिला. भागरताबाईंनी मला पाटावर बसवून भात, लाखोळीच्या डाळीचं वरण आणि अंबाडीच्या बोंडांची आंबट चटणी वाढली. ज्या झाडाची ही चटणी, त्याच झाडाच्या सालीचा दोर होतो, असं त्यांनी सांगितलं. मी वही काढून ते लिहून घेतलं.

"काऊन लिहून राहिला?" त्यांनी विचारलं.

"विसरू नये म्हणून."

"चटनी खाऊन कोनी इसरते का?"

माझी समजूत होती की दुसऱ्या दिवशी सकाळी धडा सुरू होईल. सकाळी दसारामजी मला बोडीवर (शेताजवळचं लहान तळं) घेऊन गेले. अंबाडीच्या काड्यांचे भारे तीन आठवडे पाण्यात कुजत घातले होते. वास इतका होता की मी नाकाला धोतराचा सोगा लावला. ते म्हणाले, "उतर." मी उतरलो. डिसेंबरचं पाणी. काडी उचलायची, बुडाशी मोडायची, साल एका ओढीत सोलायची आणि धुऊन वाख (सालीचा धागा) बाजूला ठेवायचा. माझी साल मधेच तुटे. एवढं दाखवून ते मळणीला निघून गेले. तो दिवस सोलण्यात गेला. दुसराही. तिसऱ्या दिवशी मी धीर करून विचारलं, "दोर वळायला केव्हा शिकवणार?"

"पहिले वाख ओरखता आला पाहिजे."

"तो कसा ओळखायचा?"

ते पुन्हा मळणीला गेले. आमच्या कॉलेजात प्राध्यापक निदान फळ्यावर तरी लिहितात.

चौथ्या दिवशी संध्याकाळी ओसरीवर वळणं सुरू झालं. उजव्या मांडीवर वाख ठेवायचा, तळव्याने पुढे लोटायचा, पीळ भरला की नवा वाख जोडायचा. असा एकेक पेड तयार होतो, आणि तीन पेड मिळून दोर. दसारामजींचा हात चालताना नुसती सळसळ ऐकू येई. मी समोर बसून करू लागलो, आणि मला आश्चर्य वाटलं की ते मला जमत होतं. मांडीचे केस उपटले जात होते, पण पेड होत होता. दसारामजींना बैलांना पाणी पाजायचं होतं. त्यांनी आपला अर्धा झालेला पेड माझ्या हाती दिला आणि म्हणाले, "पुढं चालव."

मी चालवू लागलो. जसजसा वळत गेलो, तसतसा त्यांचा पेड उलगडत गेला. मला वाटलं वाख खराब आहे. मी जोर लावला. पेड माझ्या हातात पिंजारून सुटा झाला.

भागरताबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. "अहो, इकडं या. हा पोरगा उलटं वळून राहिला."

इथे मला एक सांगितलं पाहिजे. मी जन्माचा डावखुरा. शाळेत मास्तरांनी डाव्या हातावर पट्ट्या मारून मला उजव्या हाताने लिहायला लावलं, तेव्हापासून मी स्वतःला इतरांसारखाच समजत आलो. ओसरीवर मी आपोआप डाव्या मांडीवर, डाव्या तळव्याने वळत होतो. त्यामुळे पीळ उलटा पडत होता.

मी म्हणालो, "मग तीनही पेड मीच वळतो. सगळेच उलटे झाले की दोर होईलच."

"होईन," दसारामजी म्हणाले.

"मग?"

त्यांनी कोपऱ्यातली काठी उचलली. भागरताबाई म्हणाल्या, "आमच्या इकडं उलटा दोर फक्त तिरडीले वळतात, बाबू. मुर्दा बांधाले."

दसारामजींनी मी वळलेला पेड काठीच्या टोकाने उचलला आणि कुंपणाबाहेर टाकून आले. मग त्यांनी पाय धुतले. मलाही धुवायला लावले.

मी विज्ञानाचा विद्यार्थी. मी समजावून सांगायला गेलो की पीळ डावा असो की उजवा, ताकद सारखीच. दसारामजींनी शांतपणे ऐकून घेतलं. "मजबूत असन," ते म्हणाले. "पन त्यानं माया बैल कोन बांधन?"

पुढचे अडीच दिवस कसे गेले ते आठवलं तरी चीड येते. उजव्या हाताने लिहिता येतं म्हणजे वळताही येईल, असं नाही. तळवा पुढे लोटला की वाख मागेच राही. पेड कुठे दोरीएवढा, कुठे मनगटाएवढा. भागरताबाई जाता-येता बघत. "अजगरानं उंदीर गिळला का गा?" असं एकदा विचारून गेल्या. मांडीची साल निघाली, त्यावर त्यांनी मोहाचं तेल लावायला दिलं. एवढ्या दिवसांत धड दोन हात पेड झाला, आणि मला तीन पेडांचा, तीस हात लांबीचा दोर हवा होता.

सातव्या दिवशी दुपारी मी वाख घेऊन बोडीच्या पलीकडे, पळसांच्या आड जाऊन बसलो आणि डाव्या हाताने वळू लागलो. काय हात चालला म्हणून सांगू. एकसारखा, गोल, घट्ट. सूर्य मावळायच्या आत तिन्ही पेड घालून आठ हात दोर झाला. सुपरिटेंडेंटसाहेबांना पिळाची दिशा कळणार नव्हती, हे मला पक्कं ठाऊक होतं. कोणी पाहिलं नसतं तर मी तोच दोर पुरा करून नेला असता, हेही इथे लिहून टाकतो.

भागरताबाई धुणं घेऊन आल्या. त्यांनी दोराला हात लावला नाही, वाकून पाहिला.

"हात चांगला हाये तुया," त्या म्हणाल्या. "विहिरीले बांधशीन का हा?"

"पाण्याला काय कळतं, मामी?"

"पान्याले नाही कळत. गजाननले कळते. तो ह्या दोरानं पानी काढन का लेकराइले? का तुया तोंडाकडं पाहून चूप राहीन आन रोज मनात कुढन?"

मला फार राग आला. त्यांचा, दसारामजींचा, शाळेतल्या मास्तरांचा, कमिटीचा. निवार विणणाऱ्याला कोणी असलं काही विचारलं नसेल. राग ओसरला तेव्हा मी दोर उलगडायला बसलो. वळायला एक दुपार लागली होती, उलगडायला दुसऱ्या दिवसाची सकाळ गेली. घट्ट झाला होता ना.

उरलेल्या अडीच दिवसांत मी उजव्या हाताशिवाय काही केलं नाही. दसारामजी पहिल्यांदाच माझ्या शेजारी बसले. माझ्या मनगटावर आपला तळवा ठेवून त्यांनी वीसेक वेळा लोटून दाखवलं, आणि तेवढ्यात जे कळलं ते इतके दिवस पाहून कळलं नव्हतं. हे त्यांनी पहिल्याच दिवशी का केलं नाही, ते मी विचारलं. "तवा तुया हात ऐकत नोता," ते म्हणाले. शेवटच्या दिवशी पेड तेच धरून राहिले, मी फिरवत गेलो, आणि दोर घातला गेला. मोजला. अठरा हात.

परतीच्या गाडीत तो दोर मांडीवर घेऊन बसलो होतो. एका टोकाला गाठीगाठींचा, ओबडधोबड, दुसऱ्या टोकाकडे जरा माणसात आलेला. शिकवायचं म्हणजे सांगायचं, असं मी कॉलेजात धरून चाललो होतो. तिथे कोणी मला काही सांगितलं नाही, आणि जे सांगितलं ते मी ऐकलं नाही. तरी अठरा हात दोर माझ्याजवळ होता. याचा मेळ कसा घालायचा ते मला अजून कळलेलं नाही.

सुपरिटेंडेंटसाहेबांनी दोर पाहिला. मी त्यांना डाव्या दोराची हकीकतही सांगितली, न विचारता. "आखूड आहे," एवढंच ते म्हणाले. विहिरीला पाणी वर होतं म्हणून बादली टेकली. गजाननने पहिली बादली काढताना पीळ अंगठ्याने चाचपला, मग दोर ओढला. निवारीची पट्टी मात्र पुऱ्या लांबीची आणि सरळ होती. कमिटीची सभा दोनदा पुढे ढकलली गेली. वडिलांनी मुकादमाला आणखी थोडं थांबायला सांगितलं.

काल गजानन गावाहून परतला. रात्री भाकरी वाढताना म्हणाला, "बाबू, साहेबांनी सकाळी सांगितलं मले. जागा तुमची. पन उन्हाळ्यात पानी खाली गेलं का दोर पुरनार नाही, तवा सुट्टीत जाऊन बाकीचा वळून आनाचा, अशी अट हाये."

गजाननने दुसरी भाकरी टाकली.

"मामाले म्या गावी होतो तवाच इचारून ठेवलं, दोर आखूड पडला होता ना. तो म्हने, ये म्हना. पन उन्हाळ्यात अंबाडी नसते. पळसाची जमिनीतली मुरं खनून त्याचा वाख काढा लागन. जमीन दगडासारखी असते. कुदळ कोन्या हातानं धरतो, ते पाहून ये म्हने."